तक्त्यातली एक ओळ: जव्हारचे राजे आणि डहाणूची राखीव जागा

2024 च्या लोकसभा निवडणुकीत ठाणे आणि पालघर या दोन्ही ठिकाणी 20 मे रोजी मतदान होतं. त्याआधी महिनाभर, परीक्षांच्या धामधुमीतच, आमच्या कॉलेजच्या राज्यशास्त्र विभागाने एक तक्ता करायचं ठरवलं. विषय साधा होता: ‘आपल्या जिल्ह्याचे खासदार’. जिल्हा म्हणजे जुना ठाणे जिल्हा, पालघर वेगळा होण्याआधीचा. रकाने पाच: वर्ष, मतदारसंघ, नाव, पक्ष, पार्श्वभूमी. शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा, असा नियम मीच घातला होता. वकील, शेतकरी, कामगार पुढारी, असा. फ्लेक्सवर जागा कमी असते, आणि जिन्यात उभं राहून कुणी निबंध वाचत नाही.

भांडण त्या एका शब्दावरून झालं.

1962 भिवंडी आणि 1967 डहाणू या दोन ओळींत नाव एकच होतं: यशवंतराव मार्तंडराव मुकणे, काँग्रेस. कळव्याच्या एका मुलाने पुढच्या रकान्यात ‘राजा’ असं लिहिलं. चूक काहीच नव्हती, जव्हार संस्थानचे ते शेवटचे अधिपती. दुसऱ्या दिवशी कच्च्या तक्त्यावर तो शब्द पेन्सिलने खोडलेला दिसला. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आदिवासी’. खोडणारा मुलगा जव्हार तालुक्यातला, इथल्या सरकारी वसतिगृहात राहणारा. त्याने ते लपवलंही नाही. “मॅडम, राजा लिहिलं की लोक समजणार राखीव जागा कुठल्यातरी महालवाल्याने पळवली. ते महादेव कोळी होते. आमच्यातलेच.”

कळव्याचा म्हणाला, “अरे पण महाल होताच ना?”

होताच. जव्हारला सहलीला गेलेला प्रत्येक ठाणेकर जयविलास राजवाड्यासमोर फोटो काढून आलेला असतो. मी शिक्षकी खाक्याप्रमाणे “दोन्ही बरोबर आहे” असं म्हणून पाहिलं. तलासरीच्या मुलीने ते चालू दिलं नाही. ती वारली, आणि वर्गात कमी बोलणारी. ती म्हणाली, “दोन्ही बरोबर असेल तर एकच शब्द लिहायचा नियम चुकीचा आहे.”

पुढचे तीन तास आम्ही या एका ओळीला दिले. त्यात जे निघालं ते इथे लिहिते आहे, कारण राजघराण्यातल्या पुढाऱ्यांविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक ग्वाल्हेर, जयपूर किंवा साताऱ्याकडे पाहून बोललं जातं, आणि जव्हार त्या मापात बसत नाही.

माणूस

यशवंतरावांचा जन्म 1917 चा. वडील मार्तंडराव गेले आणि 1927 साली, दहाव्या वर्षी, गादी यांच्याकडे आली. कारभार प्रत्यक्ष हातात आला तो सज्ञान झाल्यावर. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, म्हणून जुन्या उल्लेखांत नावामागे ‘फ्लाइट लेफ्टनंट’ लागलेलं दिसतं. घराण्याच्या परंपरेतलं त्यांचं नाव पतंगशाह, या नावाचे पाचवे. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि जव्हार हा ठाणे जिल्ह्याचा एक तालुका झाला. काल राजधानी होती, आज तहसील कचेरी. पुढे 1962 ते 1970 अशी सलग दोन लोकसभा त्यांनी पाहिल्या. 1978 साली ते वारले.

संस्थान लहान होतं, पण जुनं. जव्हारची मंडळी 1343 हे साल सांगतात, दिल्लीच्या सुलतानाने नेमशाहला राजा म्हणून मान्यता दिली ते. मुकण्यांच्या नावात ‘शाह’ आलं ते तिथून. 1664 मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ थांबले आणि विक्रमशाहांची भेट झाली, असं तिथे सांगतात. शिरपामाळ नावाची जागाही दाखवतात. स्नेह फार टिकला नाही, कारण काही वर्षांतच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. पुढे पेशवाईत मुलूख कुरतडला गेला आणि उरला तो डोंगराळ, कमी उत्पन्नाचा तुकडा. इंग्रजांच्या काळात त्याचं क्षेत्रफळ सुमारे 310 चौरस मैल होतं, म्हणजे आजच्या ठाणे महापालिकेच्या हद्दीच्या पाचपटीहून मोठं. माणसं मात्र 1901 च्या शिरगणतीत 47,538. आज घोडबंदर रोडवरची काही मोठी संकुलं मिळून तेवढी वस्ती सहज भरेल. तोफांची सलामी नऊ.

संस्थानाच्या उगमाची एक गोष्ट आहे, आणि ती मी वर्गात सांगायला नको होती, किंवा आधीच सांगायला हवी होती. जुन्या गॅझेटियरातही ती आहे. जव्हारचा मुलूख एका वारली नाईकाकडे होता. जयबा मुकणे त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन दे. नाईक हसून हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, टोकाला टोक जोडलं आणि आख्ख्या डोंगराला वेढा घातला. बळीराजाची गोष्ट ऐकलेल्या माणसाला हे नवीन वाटत नाही. तिथे पावलं होती, इथे वाद्या.

जव्हारचा मुलगा ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेला, त्याला त्यात चातुर्य दिसत होतं. तलासरीची मुलगी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे मूळ जागा आमचीच.”

सगळे हसले. ती हसली नव्हती.

कायद्याला काय दिसतं

मी बेअर ॲक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवायचा मूळ मजकूर, काढायला लावला. मुलांना उत्तर सांगण्यापेक्षा पान उघडायला लावलं की निम्मं भांडण आपोआप शांत होतं, असा माझा अनुभव. इथे उलटं झालं.

संविधानाचं 366 वं कलम म्हणजे व्याख्यांचं कलम. त्याच्या 25 व्या उपकलमात ‘अनुसूचित जमाती’ म्हणजे काय ते दिलं आहे: 342 व्या कलमाखाली ज्यांची यादी झाली त्या. महादेव कोळी त्या यादीत आहेत. संपलं. उत्पन्न किती, घर केवढं, आजोबा कोण, हे ती व्याख्या विचारत नाही. आणि त्याच कलमाच्या 22 व्या उपकलमात ‘अधिपती’ची, म्हणजे संस्थानिकाची, व्याख्या आहे: ज्याने विलीनीकरणाचा करार केला आणि ज्याला राष्ट्रपतींनी अधिपती म्हणून मान्यता दिली आहे, तो. 1967 साली जव्हारचे मुकणे या दोन्ही व्याख्यांत एकाच वेळी बसत होते. एकाच कलमात, तीन उपकलमांच्या अंतरावर.

कळव्याच्या मुलाने पेन्सिलने दोन्ही उपकलमांभोवती गोल काढले आणि मध्ये बाण. पुस्तक ग्रंथालयाचं होतं. मी ओरडले, पण बाण छान होता हे खरं.

त्यातून पुढे मजेशीर हिशेब निघतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार त्या काळी लोकसभेच्या उमेदवाराची अनामत 500 रुपये होती, आणि उमेदवार अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल तर 250. म्हणजे नऊ तोफांच्या सलामीच्या राजालाही निम्मीच अनामत. दुसऱ्या बाजूला, 291 व्या कलमाने संस्थानिकांना तनख्याची, म्हणजे राज्य सोडल्याबद्दल सरकारकडून दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची, हमी दिली होती आणि त्या तनख्यावर प्राप्तिकर नव्हता. एक सवलत गरिबी गृहीत धरून दिलेली, दुसरी श्रीमंतीची भरपाई म्हणून. दोन्हींचा धनी एकच.

“हे बरोबर आहे का?” मी विचारलं. कायदेशीर आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बरोबर आहे का, यावर घंटा वाजली.

एक आडवळण घेते. त्या दिवशी वर्गात चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा होता. तो बराच वेळ ऐकून म्हणाला, “मॅडम, मीपण कोळीच. मग मला डहाणूतून उभं राहता येईल का?” नाही. ठाण्या-मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी अनुसूचित जमातीत येत नाहीत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे महादेव कोळी येतात. आडनावापुढे कोळी लागलं म्हणून यादीत नाव लागत नाही. या एका शब्दावरून जात पडताळणीच्या कचेऱ्यांत किती फायली अडकल्या आहेत, हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मुलगा म्हणाला, “म्हणजे राजाला चालतं, मला नाही.” मी म्हटलं, हो, आणि हे वाक्य ऐकायला जेवढं विचित्र आहे तेवढं कायद्यात नाही, कारण आरक्षण माणसाच्या परिस्थितीवर नाही, त्याच्या समाजाच्या इतिहासावर बेतलेलं आहे. तो समाधानी दिसला नाही. मीही पूर्ण नव्हते. ऑगस्ट 2024 मध्ये, आमचा तक्ता लागून गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठातल्या काहींनी अनुसूचित जाती-जमातींतही ‘क्रीमी लेयर’, म्हणजे वर आलेला सधन थर, ओळखला पाहिजे असं मत नोंदवलं. ते नोकऱ्या-शिक्षणाबद्दल होतं, मतदारसंघांबद्दल नव्हे. तरी त्या मुलाने मला ती बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली फक्त प्रश्नचिन्ह.

राजेपण पुरत नव्हतं

आता माझं स्वतःचं म्हणणं. राजघराण्यातला माणूस निवडून येतो तेव्हा आपण सरळ हिशेब मांडतो: प्रजा होती, ती मतदार झाली. जयपूरच्या गायत्रीदेवींच्या बाबतीत तो जवळजवळ बरोबर येतो. 1962 मध्ये त्यांना 2,46,516 पैकी 1,92,909 मतं पडली होती. शिंद्यांच्या बाबतीतही. राजमाता विजयाराजे, माधवराव, आणि पुढे ज्योतिरादित्य यांच्या बहुतेक निवडणुका गुना आणि ग्वाल्हेर याच टापूत फिरतात. ग्वाल्हेरचं संस्थान एवढं मोठं होतं की आजचे कित्येक लोकसभा मतदारसंघ त्यातच सामावतील.

जव्हारचं तसं नाही. फळ्यावर हिशेब केला. 1967 मध्ये देशात सुमारे 25 कोटी मतदार होते आणि लोकसभेच्या जागा 520. सरासरी एका मतदारसंघात पावणेपाच-पाच लाख मतदार. 1901 चे 47,538 लोक पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत दुप्पट झाले असं धरलं, तरी आख्खं संस्थान लाखाच्या आत, आणि त्यात पोरंटोरं वगळली तर मतदार निम्मेच. म्हणजे जव्हारच्या प्रत्येक जुन्या प्रजाजनाने मत दिलं असतं तरी जागा निघाली नसती. बाकीचे मतदार कधीच मुकण्यांची प्रजा नव्हते. डहाणू-तलासरीचा पट्टा थेट इंग्रजी अमलाखाली होता.

तलासरीच्या मुलीने हेच आपल्या शब्दांत सांगितलं. “आमच्याकडे राजा नव्हता मॅडम. आमच्याकडे सावकार होते. आणि नंतर लाल बावटा.”

ते ‘नंतर’ केवढं मोठं आहे, हे ठाण्यातल्या कित्येक मुलांना माहीत नसतं, म्हणून इथे थोडी थांबते. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर या कम्युनिस्ट जोडप्याने उभारलेल्या किसान सभेने वेठ बंद करण्याची हाक दिली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जोडप्याने आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबायचं, याला लग्नगडी म्हणत. तेही त्याच सुमारास मोडलं. मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा झाला, पाचशे रतल गवताला अडीच रुपये ही मागणी. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मेले. जेठ्या गांगड हे त्यातलं नाव तिथे आजही घेतात. बारा वर्षांनी, 1957 मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्याच्या जागेवरून शामराव परुळेकर लोकसभेत गेले. ती जागा द्विसदस्य होती, एक सर्वसाधारण आणि एक जमातींसाठी राखीव. 1961 च्या कायद्याने अशा जोडजागा मोडल्या आणि 1962 पासून मतदारसंघ सुटे झाले.

काँग्रेसच्या जागी बसून विचार करा. जिल्ह्याचा आदिवासी पट्टा लाल बावट्याकडे कललेला. उमेदवार असा हवा जो आदिवासी आहे, पण किसान सभेतला नाही. ज्याला पाड्यापाड्यावर नावाने ओळखतात, पण ज्याची ओळख मोर्च्यातून झालेली नाही. असा माणूस जव्हारच्या राजवाड्यात बसलेला होता. यशवंतरावांचं राजेपण मतं आणण्यापेक्षा ओळख देण्याच्या कामाचं होतं, आणि मतं पक्षाने आणि जमातीने मिळून आणली, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे. पण आकडे दुसरं काही सांगू देत नाहीत. 1977 मध्ये लाट उलटली तेव्हा डहाणूतून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम निवडून गेले. प्रजा-राजा हिशेब खरा असता तर एवढी सहज पालट झाली नसती.

जव्हारच्या मुलाला हे आवडलं नाही. “म्हणजे राजेसाहेबांचं स्वतःचं काही नव्हतं?” तो म्हणाला. त्याची आजी अजूनही राजवाड्याला ‘दरबार’ म्हणते. मी म्हटलं, आजीचं मत पक्कं होतं, प्रश्न आजीच्या मतदारसंघातल्या बाकीच्यांचा आहे.

दुसरीकडचे आदिवासी राजे ताडून पाहिले की चित्र स्पष्ट होतं. सारंगढचे राजा नरेशचंद्र सिंह गोंड होते. मार्च 1969 मध्ये ते तेरा दिवसांपुरते मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले, आणि त्या राज्याला दुसरा आदिवासी मुख्यमंत्री मिळाला नाही. आपल्याकडे गडचिरोलीत अहेरीचं आत्राम घराणं. राजे विश्वेश्वरराव 1977 मध्ये चंद्रपूरहून लोकसभेत गेले, आणि अहेरीच्या राखीव विधानसभा जागेवर या घराण्यातली माणसं आजही एकमेकांविरुद्ध उभी राहतात. याच्या बरोबर उलटं उदाहरण बस्तरचं. प्रवीरचंद्र भंजदेव जन्माने आदिवासी नव्हते, आदिवासींचे राजे होते. त्यांना राखीव जागा मिळाली नसती, पण त्यांच्यासाठी बस्तरचे आदिवासी धनुष्यबाण घेऊन उभे राहिले, आणि 25 मार्च 1966 ला जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. कायद्याच्या दृष्टीने मुकणे आदिवासी आणि भंजदेव नाहीत. लोकांच्या दृष्टीने कोण कुणाचा होता, हे यादीत सापडत नाही.

तनख्याचं मत

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला 1970 मध्ये नेऊन बसवलं. तनख्यांचा प्रश्न मुलांना पाठ असतो, पण तो त्यांच्यासाठी ‘इंदिरा गांधी विरुद्ध राजे’ असा सरळ सामना असतो. मला त्यांना अशा खुर्चीवर बसवायचं होतं जिच्यावर बसणारा दोन्हीकडचा आहे: काँग्रेसचा खासदार आणि मान्यताप्राप्त अधिपती.

आधी पैसे. विलीन झालेल्या संस्थानांसाठी जे ढोबळ सूत्र वापरलं गेलं ते असं: वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या एक लाखावर 15 टक्के, पुढच्या चार लाखांवर 10, त्यावर साडेसात, आणि कमाल मर्यादा दहा लाख. समजा संस्थानाचं उत्पन्न पाच लाख असेल, तर 15 हजार अधिक 40 हजार, तनखा वर्षाला 55 हजार. त्याच सुमारास खासदाराचा पगार महिन्याला 500 रुपये, वर्षाला सहा हजार. देशभरात तनख्यांत फरक प्रचंड होता. म्हैसूरला 26 लाख, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाला वर्षाला 192 रुपये. ‘राजा’ या एका शब्दाखाली हे दोघंही येतात, म्हणून तो शब्द तक्त्यात एकटा ठेवायला मी कचरत होते.

मग घटनाक्रम. सप्टेंबर 1970 च्या सुरुवातीला तनखे रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं. 5 सप्टेंबरला राज्यसभेत बाजूने 149, विरोधात 75. दोन तृतीयांश म्हणजे 149 आणि वर थोडं. विधेयक एका मताने पडलं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. माधवराव शिंदे न्यायालयात गेले आणि 15 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. 27 डिसेंबरला लोकसभा विसर्जित. नव्या लोकसभेने 1971 च्या अखेरीस 26 वी घटनादुरुस्ती केली, 291 आणि 362 ही कलमं गेली, 363-अ आलं, आणि ‘अधिपती’ ही ओळख कायद्यापुरती संपली.

मी म्हटलं, तुम्ही पहाडी संस्थानाचे अधिपती आहात. राखीव जागेवरून, गरिबांच्या मतांवर, सत्ताधारी पक्षातून आलेले. सप्टेंबर 1970, घंटा वाजते आहे. चिठ्ठीवर लिहा.

बहुतेकांनी ‘तनखे बंद’ लिहिलं. तनखा जाणार हे दिसतंच आहे, तर निदान पुढचं तिकीट तरी वाचवा, असा कळव्याच्या मुलाचा व्यवहारी सल्ला. तलासरीच्या मुलीने ‘बंद’ लिहून खाली रेघ ओढली. एकाने लिहिलं, करार हा करार असतो, सरदार पटेलांनी दिलेला शब्द मोडू नये. मला ती चिठ्ठी आवडली, कारण वर्गातल्या वाऱ्याविरुद्ध होती. जव्हारच्या मुलाची चिठ्ठी सगळ्यात शेवटी आली. त्यावर एकच शब्द होता: ‘गैरहजर’.

त्याला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, घरच्या कार्यात आणि पक्षाच्या कार्यात एकाच दिवशी जावं लागलं तर आमच्याकडे माणूस आजारी पडतो.”

ओळ

तक्ता छापायला टाकायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं तलावपाळीवर बसलो होतो. शाळकरी पोरांसारखे शेंगदाणे खात. ‘राजा’ आणि ‘आदिवासी’ हे दोन्ही शब्द एव्हाना मागे पडले होते. जव्हारच्या मुलाची नवी मागणी: ‘आदिवासी राजे’. ऐकायला भारदस्त. तलासरीची मुलगी ठाम: नाही. “आदिवासींचे राजे असा अर्थ निघतो. आमचे नव्हते. जव्हारचे होते.”

तो म्हणाला, “तुमचे खासदार तर होते?”

ती थोडा वेळ तलावाकडे बघत राहिली. “खासदार होते,” म्हणाली. “तो रकाना आहेच की.”

मला वाटतं तीन तासांच्या तासिकेत जे मला नीट मांडता आलं नव्हतं ते त्या दोन वाक्यांत होतं, आणि मी ते तिथल्या तिथे कबूल केलं. एका शब्दाचा नियमही मीच मोडला. ‘पार्श्वभूमी’ हे रकान्याचं नाव काढून ‘कुठून आले’ असं ठेवलं आणि प्रत्येकाला एक ओळ दिली. मुकण्यांची ओळ अशी झाली: ‘महादेव कोळी समाज, जव्हार संस्थानचे अखेरचे राजे.’ आधी समाज, मग संस्थान, हा क्रम जव्हारच्या मुलाचा. ‘जव्हार संस्थानचे’ हे दोन शब्द तलासरीच्या मुलीचे. स्वल्पविरामाचं श्रेय मी घेते.

एक नियम मोडला की सगळेच मोडतात. शामरावांच्या ओळीत तिने ‘वारली चळवळ’ घालून घेतलं. कळव्याच्या मुलाने विचारलं, आता पालघर जिल्हा वेगळा आहे, 1 ऑगस्ट 2014 पासून, मग जव्हार-डहाणू आपल्या तक्त्यात हवेत कशाला? जव्हारचा म्हणाला, “मग मीपण नको ठाण्यात.” पहाटे खोपटच्या स्टँडवरून भिवंडी, वाडा, विक्रमगड करत घरी जाणारी एसटी ज्याला ठाऊक आहे त्याला जिल्ह्याची हद्द कुठे बदलली ते कळतही नाही, फक्त वाड्याच्या आसपासचे खड्डे कळतात. ओळ राहिली.

रात्री साडेनऊला नौपाड्यातल्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला. “मॅडम, या मुकण्यांचं नाव दोनदा आलंय, बासष्ट आणि सदुसष्ट. मजकूर सेम आहे. एक काढू का? जागा वाचेल.”

मी म्हटलं, भिवंडी वेगळी, डहाणू वेगळी. दोन्ही ठेवा.

“मग फॉन्ट बारीक करावा लागेल सगळ्यांचाच.”

करा, म्हटलं.